व्याह्याच्या मनगटावर काठी

हर्षाली माझी थोरली नात. हर्णैच्या दवाखान्यात नर्स झाली आणि तिथल्याच एका कोळ्याच्या मुलाशी लगीन करते म्हणाली. पोरगा बोटीवर जातो. आमी घोडेगावची बागायतदार माणसं. मी सांगूनच निघाले, बघायला येते, पण न्हाई म्हणायला येते. गाडी माझा लेक भरत चालवत व्हता.

मुलाच्या घरी चहा झाल्यावर त्याच्या घरचे म्हणाले, किनाऱ्यावर रापण ओढतायत, बघायला चला. रापण म्हणजे माणसांनी दोन्हीकडून दोर धरून वाळूवर ओढायचं लांबलचक जाळं. मासळीत भाकरीएवढा एक चपटा मासा तडफडत व्हता. मुलाचे वडील हरेश्वर चोगले तो पाण्यात टाकायला वाकले. मला म्हणाले, "आजी, लांब राहा. हे पाकट करंट मारतं." तेवढ्यात त्यांचाच हात आखडला, आणि बोटं माशावर तशीच.

मी मागचं-पुढचं बघितलं न्हाई. हातातली काठी त्यांच्या मनगटावर हाणली.

मासा पडला. दोर ओढणारे जागच्या जागी थांबले. हर्षालीनं तोंडाला ओढणी लावली. भरत पुटपुटला, "आई, झालं तुझ्या मनासारखं." सोयरीक मोडली असं मलाही वाटलं. बरं वाटायला पायजे व्हतं, ते काय वाटलं न्हाई.

चोगले मनगट चोळत म्हणाले, हा झटका क्षणाचा असतो, त्याला माणूस चिकटत न्हाई.

"आमच्याकडं चिकटतो," मी म्हणाले.

आमचे मालक विहिरीवरच्या मोटारीला चिकटले, तवा कोरडं लाकूड माझ्या हाताशी न्हवतं. मी नुसती वरडत उभी राहिले, आणि ते गेले. इतक्या वर्षांत हे घरात कुणाला बोलले न्हवते. तिथं परक्या माणसांपुढं बोलले.

चोगल्यांची बायको साळुबाई पुढं आली. ती नवऱ्याला म्हणाली, "तीस वर्षं हे मासे तुम्हाला झटके देतायत. मी आजवर नुसती हसले." मग माझा दंड धरून तिनं मला होडीच्या सावलीला नेऊन बसवलं.

चोगल्यांनी पाकट टोपलीत घेऊन लाटेत सोडलं. ते परत आल्यावर मी म्हणाले, "चोगलेभाऊ, आमची पोर ह्या वाळूवर अनवाणी हिंडणार. तिला आधी हा मासा ओळखायला शिकवा. मग साखरपुड्याला घोडेगावला या."

हर्षाली रडायला लागली. मी म्हणाले, "रडतीस काय? नर्स हायेस न्हवं? त्या माणसाचं मनगट बघ आधी."