सोमवारचा प्रश्न

लातूरच्या आमच्या डाळ व्यापारी संघात तुरीचा ओलावा मोजणारा प्रोग्राम पास्कल नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला आहे, हे कळल्यापासून अध्यक्ष गुरुपादप्पांना चैन पडेना.

"मंजुश्री, ती भाषा मेली म्हणं."

हे त्यांना भाचा शिवकुमार याने सांगितलं होतं. तो पुण्यात चार वर्षं राहून आला होता, म्हणजे त्याला सगळंच कळत होतं.

मेलेली भाषा रोज तीन गावांत राबत होती. तीस वर्षांपूर्वी आमच्या ओलावा मोजायच्या काट्यावरचे कारकून मन्मथअप्पा यांनी नांदेडहून एक पुस्तक आणलं आणि त्यावरून हा प्रोग्राम लिहिला. संघाने त्यांना शेवटपर्यंत स्टुलावरच बसवलं. त्या स्टुलाशेजारी उभी राहून मी पास्कल शिकले. ते गेल्यावर मी प्रोग्राम खुल्या, फुकट मिळणाऱ्या कंपायलरवर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर, आणला. लातूरला लिनक्स, नांदेडला विंडोज, उमरीला तळहाताएवढा संगणक-बोर्ड. कोड जवळजवळ तोच, फक्त प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा कंपाइल करायचा. उमरीच्या बोर्डावरून काट्याशी बोलायची सोय कंपायलरमध्ये नव्हती. दोन महिने खपून मी ती लिहिली आणि कंपायलर सांभाळणाऱ्यांनाही पाठवून दिली. त्यांचं परदेशातून आभाराचं पत्र आलं. संघाचंही पत्र आलं: पहिल्या तारखेपासून शिवकुमारची 'बुद्धिमान प्रणाली' चालेल, आपली गरज उरलेली नाही. मला फार लागलं ते.

सगळ्या फायली शिवकुमारला द्यायच्या होत्या. दिल्या. त्याने त्या उघडल्यासुद्धा नाहीत. लातूरचा माझा तयार प्रोग्राम उचलला, त्यावर नवा निळा मुखडा चढवला आणि झाली प्रणाली.

उद्घाटन ठरलं सोमवारी. आमच्याकडे सोमवारी काट्याची पूजा झाल्याशिवाय पहिला नमुना तपासत नाहीत. मन्मथअप्पांनी ही रीत लातूरच्या प्रोग्राममध्येच घालून ठेवली होती. सोमवारी सुरू केला की तो विचारायचा, पूजा झाली का, आणि कोणी केली. त्याला दोनच नावं चालायची, त्यांचं आणि माझं. काट्याला विभूती लावून दर सोमवारी मीच नाव टाकायचे. हे मी सांगितलंही असतं, पण विचारलं कुणी?

दोनशे माणसं जमली. माझे नोकरीचे शेवटचे दिवस होते, म्हणून मला दाराशी पेढे वाटायला उभं केलं होतं. शिवकुमारने बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर अक्षरं आली: 'पूजा झाली का?' टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा, संस्कृती जपणारी प्रणाली!" सूत्रसंचालक ओरडला. शिवकुमारने 'हो' टाकलं.

'पूजा कोणी केली?'

गुरुपादप्पांनी हौसेने स्वतःचं नाव टाकलं.

'ही पूजा तुम्ही केलेली नाही.'

मग प्रमुख पाहुण्यांचं टाकलं. 'ही पूजा तुम्ही केलेली नाही.' मग शिवकुमारचं. तेच उत्तर. मागच्या रांगेतले हमाल खो-खो हसायला लागले. मलाही हसू आवरेना.

"मंजुश्री, काय करून ठेवलीस गं हे?"

"मी न्हाई मालक, मन्मथअप्पांनी केलंय. एका ओळीचं काम हाय. शिवकुमारला काढायला सांगा, फायली हायत की त्याच्याकडं."

"मामा, पास्कल आमच्यात कुणालाच येत न्हाई," शिवकुमार कुजबुजला. माईक चालूच होता.

मी पेढ्यांचं ताट खाली ठेवलं, मंचावर गेले. माझं नाव टाकता आलं असतं. मी 'मन्मथ' टाकलं. प्रोग्राम सुरू झाला, आणि शाल-नारळ शिवकुमारला मिळाला.

नोकरी गेली ती गेलीच. उमरीच्या बोर्डाचं काम पाहून एका परदेशी कंपनीने मला घरबसल्या काम दिलंय. ती ओळ मात्र कुणाला काढता आलेली नाही. पडद्याखाली आता चिठ्ठी चिकटवली आहे म्हणे, आणि दर सोमवारी अध्यक्ष गुरुपादप्पा खुर्चीवरून उठून, ज्याला त्यांनी कधी खुर्ची दिली नाही, त्याचं नाव स्वतःच्या हाताने टाकतात.