तीन बोटांएवढं तोंड

आप्पांचा जबडा पहिल्यांदा अडकला तो जांभई देताना. तोंड उघडलं ते मिटेचना. सासूबाई देवाला हाका मारू लागल्या आणि मला मेलीला हसू आलं. दिवसभर सगळ्यांवर ओरडणारे माझे सासरे पहिल्यांदाच गप्प झाले होते. मग कट् आवाज होऊन तोंड मिटलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

ही २००२ सालची गोष्ट. शिमगा जवळ आला होता. राजापूरकडच्या आमच्या गावात पालखी सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर, बसली की हातात नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. आप्पा एकेक मागणं खणखणीत आवाजात देवापुढे मांडणार आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. माझा नवरा विनोद मुंबईला. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. आप्पांचा चुलतभाऊ हरिश्चंद्र मात्र या मानावर कधीपासून डोळा ठेवून होता.

मी आप्पांना एसटीने रत्नागिरीला नेलं. जबड्याचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टरांनी एका मालिशवाल्या बाईंकडे धाडलं. फिजिओथेरपी का काय म्हणतात ते. कोवळी पोरगी होती, पण हात शहाणा. तिने सांगितलं, कानापुढचा सांधा दुखावलाय, गालाचे स्नायू दगड झालेत. गरम फडक्याने शेकायचं, गालावर बोटं गोल फिरवत खाली यायचं, मग अंगठा तोंडात घालून आतून-बाहेरून स्नायू हलकेच धरून ठेवायचा, सैल होईपर्यंत. आपलीच तीन बोटं उभी तोंडात मावली की बरं झालं समजायचं.

“आणि मोठ्यानं बोलायचं नाही. ओरडणं तर अजिबात नाही.”

“ओरडायचा नाय?” आप्पा दातांतल्या दातांत म्हणाले. “मग देवाला ऐकू कसा जायचा?”

ती पोरगी हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

घरी आल्यावर खरी पंचाईत झाली. सासूबाईंचा हात म्हशीची धार काढणारा. त्यांनी गाल धरला आणि आप्पा कळवळले. मग उरले मी. तोवर मी आप्पांसमोर डोक्यावरचा पदरसुद्धा खाली येऊ दिला नव्हता.

“सून सासऱ्याच्या तोंडात अंगठा घालणार? गाव काय म्हणेल?” आप्पा म्हणाले.

“गाव काय म्हणायचं ते म्हणेल,” मी म्हटलं. “शिमग्याला तोंड उघडलं नाही तर काय म्हणेल, ते बघा.”

ते माझ्याकडे पाठ करून बसले. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहायचे, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसायला नकोत. सासूबाई पाटावर बसून पहारा द्यायच्या. जबडा जरा सैलावला की आप्पा हळू आवाजात गाऱ्हाण्याची उजळणी करायचे. सहाणेवर बायका लांब उभ्या, तिथवर आवाज यायचा, पण शब्द नीट कळायचे नाहीत. इथे मी ते पहिल्यांदा पुरतं ऐकलं. त्यात एक मागणं होतं, आप्पांच्या वडिलांनी घातलेलं: “परक्या घरातनं आमच्या उंबऱ्यात इलेल्या लेकींची आबाळ होऊ देऊ नको, रे म्हाराजा!” माझे हात थांबले. या घरात माझ्यासाठी कुणी कधी काही मागितलं असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शिमग्याला दोन बोटं मावू लागली होती. मी म्हटलं, हळू बोला. आप्पांनी नारळ हातात घेतला आणि पहिल्याच मागण्याला सगळी सहाण दणाणली. पिकापाण्याचं झालं, गुराढोरांचं झालं, मुंबईच्या चाकरमान्यांचं झालं. मग ‘परक्या घरातनं’साठी त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. “आ... आ...” एवढंच.

“व्हय म्हाराजा!” गाव सवयीने ओरडला.

पोरं फिदीफिदी हसली. मी गर्दीतून पुढे घुसले. एका अंगठ्याचं काम होतं, पण कुणीतरी दरडावलं, “बाईमाणसानं हयसर यायचा नाय!” मी थांबले नसते. पण खुद्द आप्पांनीच हाताने मला मागे सारलं. तोंड वासलेलं, लाळ गळतेय, आणि हाताने मात्र ‘जा’. तेवढ्यात हरिश्चंद्राने त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि गाऱ्हाणं पुरं केलं. लेकींचं मागणं त्याला येतच नव्हतं, ते राहिलंच. गाव तरीही ‘व्हय’ म्हणाला.

घरी आल्यावर आप्पांचं तोंड माझ्याच अंगठ्याने मिटलं. त्या साली भात उत्तम आलं. गावकीच्या बैठकीत ठरलं, देवाने हरिश्चंद्राचं गाऱ्हाणं मानून घेतलं, यापुढे मान त्याचाच, आता बदल नको. आप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. विनोदला फोन केला तर म्हणाला, “सुटली कटकट.” मला त्याचा असा संताप आला की मी फोन आपटला.

आप्पा बोलायचेच थांबले. कुणावर ओरडणं नाही, भाताच्या पेजेला नावं ठेवणं नाही. मी मालिश करतच राहिले. आता त्यांना कसलीच लाज नव्हती; बस म्हटलं की बसायचे.

दिवाळी उलटल्यावर एके सकाळी मी म्हटलं, “आप्पा, बोटं घालून बघा.” त्यांनी स्वतःची तीन बोटं उभी धरली. सहज आत गेली. कट् नाही, कळ नाही. मी आनंदाने सासूबाईंना ओरडून हाक मारली.

“आप्पा, बरं झालं की हो! आता बोला बघू काहीतरी मोठ्यानं!”

आप्पांनी बोटं काढून धोतराला पुसली.

“काय बोलू गो?” ते म्हणाले आणि तोंड मिटून घेतलं.