आधी डिझेल, मग हार

हो, मी जुना टेम्पो आहे. खटारा म्हणा खुशाल, मित्रांनो! पुलाच्या चढावर माझ्या बरोबरीने येऊन दाखवा, मग बोलू.

मी गिरीज गावच्या इझाबेलबायचा. कारखान्यातून आलो तेव्हा माझी पाठ नुसती सांगाड्याची होती. बायचे यजमान जॉनदादा यांनी अंगणात सुतार बसवून तिच्यावर लाकडी हौदा ठोकून घेतला. केळीचे घड दबू नयेत म्हणून ते आत पेंढा अंथरायचे. गावातल्या वाड्यांची केळी आणि भाजी मी वर्षानुवर्षं दादरच्या बाजारात पोचवली. माल वेळेवर उतरला की वाडीवाले माझ्या बॉनेटवर थाप मारायचे. फार बरं वाटायचं. जॉनदादांची कंबर गेली तेव्हा स्टिअरिंग बायने धरलं. तेव्हा हसलेली माणसंच पुढे माल घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

मग डिझेल चढतच गेलं. भाडं वाढवलं तर वाडीवाल्यांना परवडेना, नाही वाढवलं तर माझी टाकी भरेना. मी अंगणात उभा आणि हौद्यात कोंबड्या! भंगारवाला येऊन माझे टायर दाबून गेला. मेला!

अशात मालवाहतूकदारांसाठी सरकारी डिझेल सवलत जाहीर झाली. बायने अर्ज केला. विरारच्या मैदानात सवलतवाटपाचा समारंभ होता, अर्जदारांना गाड्यांसह बोलावलं होतं. आदल्या रविवारीच चर्चच्या आवारात गाड्यांना आशीर्वाद मिळाला होता, त्यामुळे मी अजून झेंडूच्या माळांत नटलेला. रांगेत सवलत वाटायला आलेल्या साहेबांना मीच आवडलो. माझ्यावर सवलतीचा कापडी फलक बांधला, फोटोवाले पुढे आले. बायने आपल्या अर्जाचं विचारलं. साहेब सहज म्हणाले, जुन्या गाड्या यात बसत नाहीत.

बायने फलकाची दोरी सोडली, त्याची घडी केली आणि त्यांच्या हातात दिली.

"सवलतीला माझी गाडी जुनी आणि फोटोला बरी? मग फोटोही नव्या गाडीचाच काढा."

तिने चावी फिरवली. एका झटक्यात मी कधी सुरू होत नाही. त्या दिवशी झालो! रांगेत मागे आगाशी गावचा टेम्पोवाला कुशल होता. त्याच्या नव्या टेम्पोला सवलत मंजूर होती, तरी त्यानेही आपला फलक उतरवला आणि आमच्यामागून बाहेर पडला.

सवलत अजून मिळालेली नाही. बाय दर आठवड्याला कचेरीत विचारायला जाते आणि मला मुद्दाम साहेबांच्या खिडकीसमोर उभं करते. भंगारवाल्याला ती फाटकातूनच परत पाठवते.

मित्रांनो, माझी कीव नको. तुमच्या ताटातली भाजी कोणी आणली, एवढं विचारा. आणि माझा मान करायचाच असेल, तर हार राहू द्या. आधी टाकीत डिझेल घाला.