एकेचाळीस नंबरचा बिल्ला

मी एक जुना पत्र्याचा बिल्ला आहे. निजामाच्या राजवटीत बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात माझी उमर गेली. कंपाउंडर खाजामियाँनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आम्हा साठ भावंडांना घडवलं आणि खिळ्यानं ठोकून माझ्या अंगावर एकेचाळीस हा आकडा काढला. आधी येईल त्याला लहान आकडा, असा नियम. लोक या नियमाची तारीफ करत. मीही फुशारून जाई. अक्कल म्हणाल तर पत्र्याएवढीच.

एकदा तलवाड्याची भिवराबाई तापानं फणफणलेल्या छबूला, आपल्या लेकीला, कडेवर घेऊन पहाटेपासून चालत आली. पोचेपर्यंत चाळीस बिल्ले वाटून झाले होते. छबूनं मला खेळणं समजून मुठीत धरलं. छत्तिसावा रोगी तपासून झाला आणि दवाखाना बंद झाला. उद्या या, असं सांगण्यात आलं. परतीच्या वाटेवर ती मूठ गार पडत गेली. भिवराबाईच्या आधी ते मला कळलं, पण मला तोंड नव्हतं. मित्रांनो, तो गारवा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

चौथ्या दिवशी भिवराबाई तितकंच चालून मला परत करायला आली.

"सरकारी चीज हाय. घरी कशी ठिवू?"

"लेकरू कसं हाय, बाई?" खाजामियाँनी विचारलं.

"न्हाई राह्यलं."

खाजामियाँनी रजिस्टर उघडलं. त्यात तपासलेल्यांचीच नावं होती. छबू कुठंच नव्हती. त्या दिवसापासून ते प्रत्येक बिल्ल्यापुढे गाव लिहू लागले, आणि न तपासता कोण परत गेलं तेही. महिनाभरानं त्यांनी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. तिसाच्या पुढचे बिल्ले बहुतेक लांबच्या गावांना गेले होते.

"साहेब, लांबची मान्सं चालत येत्यात, अन् आमी त्यान्लाच रोज माघारी धाडतो."

डॉक्टरांनी कागदावर बोट फिरवत माघारी गेलेली माणसं मोजली. मग पहिले वीस बिल्ले परगावच्यांसाठी राखून ठेवायचं ठरलं. मला मात्र खाजामियाँनी पुन्हा कुणाच्या हाती दिलं नाही. औषधाच्या खिडकीपाशी खिळ्याला अडकवून ठेवलं.

मित्रांनो, तुम्ही कुठं माणसांची नोंद ठेवाल, तेव्हा माघारी गेलेल्यांचीही ठेवा. आणि वेळ गेल्यावर नको. पुढं एकदा भिवराबाई शेजारणीचं आजारी पोर घेऊन आली. तेवढ्याच उशिरा पोचली, तरी तिला सातवा बिल्ला मिळाला. घटकाभरात औषधाची बाटली तिच्या हातात होती. ती खिडकीशी थांबली.

"इतकं लौकर व्हतंय, तर तवा कावून न्हाई झालं?"

खाजामियाँनी रजिस्टर पुढं ओढलं आणि सातव्या बिल्ल्यापुढे तलवाडा असं लिहिलं.