घरपोच सभा

आमच्या गावच्या शाळा कमिटीची सभा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला भरायची, असं कमिटीच्या पुस्तकात लिहिलेलं असायचं. खरी गोष्ट ही की ती कधीच भरली नाही. ती चालत यायची. कोतवाल देवला पुस्तक बगलेत मारून निघायचा, पाच मेंबरांच्या दारात उभा राहायचा आणि पाच सह्या पडल्या की सभा संपली.

त्यातला दुसरा मेंबर मी, गफ्फार शिंपी. मुसलमानांतला एक हवा म्हणून अध्यक्ष बबनरावांनी माझं नाव घातलं. गावच्याच शाळेत तीन इयत्ता शिकलेला, म्हणून मीही फुगलो. शिवायच्या मशीनवर पुस्तक ठेवून, तोंडातली सुई न काढता सही ठोकायचो आणि वर देवलाला म्हणायचो, "झाली रे सभा!" आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

छत्तीस सालचा डिसेंबर. दुपारी तुळसाबाई दुकानात आल्या. या आमच्या मुलींच्या शाळेच्या बाई, अमरावतीला शिकून आलेल्या. चार वर्षं दारोदार फिरून त्यांनी सव्वीस पोरी जमवल्या होत्या. माझी सरवरी त्यांच्याकडेच चौथीत होती. मार्चात तिची परीक्षा, आणि पास झाली तर बाई तिला पुढे शिकायला अमरावतीला नेणार होत्या. माझी मेहरबी, सरवरीची आई, दिवाळीच्या तोंडावर तापानं गेली. जाताना तिनं एवढंच मागितलं होतं, पोरीची शाळा सोडवू नका.

"माझी बदली झाली," बाई म्हणाल्या. "जानेवारीअखेर मुलींची शाळा बंद."

"कोनं केली बंद?"

"तुमच्याच कमिटीनं. गावाला मुलींची शाळा नको, असा ठराव जिल्ह्याच्या बोर्डाकडे गेला. खाली दुसरी सही तुमची आहे, गफ्फारभाई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बोलल्या आणि गेल्या.

मी गळ्यातला टेप तसाच ठेवून बबनरावांकडे गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"बबनराव, गावाले पोरींची शाया नको असं कोन म्हनलं?"

"तूच म्हनलं. सही कोनाची हाये?"

"तुमी मले वाचून दाखवलं होतं काय?"

"अरे, तुले वाचता येते म्हून तं मेंबर केलं!" ते हसले. "पोरी शिकून काय तहसीलदार होनार हायेत? थे खोली रिकामी झाली का मही कपाशी ठेवाले होते."

ती खोली! नदीतले दगड डोक्यावरून वाहून आणून गावानं ती बांधली होती. त्यातले दगड माझ्याही डोक्यावर होते. यांच्या घरचा एक माणूस तेव्हा आला नव्हता. चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सोमवारी डिप्टी शाया तपासाले येऊन राह्यले. मी सारं सांगतो त्यायले."

"सांग ना. पयले हे सांग, का सहा वर्सं तू खोट्या सह्या केल्या. हाये हिंमत?"

परत येताना देवला भेटला. त्याला म्हटलं, "दवंडी दे. सोमवारी दहा वाजता शायेपुढं सभा हाये. ज्याले पोरगी हाये त्यानं यावं, ज्याले नाई त्यानंबी यावं."

देवला म्हणाला, "देतो ना. सहा वर्सं पुस्तक फिरवून राह्यलो, भाई. सभा कशी असते थे मलेबी पाहाची हाये."

सोमवारी गाव लोटलं. कडेवर लेकरं घेऊन बायाही आल्या. डिप्टी खुर्चीवर बसले, समोर टेबलावर कमिटीचं पुस्तक. बबनराव हात जोडून म्हणाले, "साहेब, या शायेत पोरी काईच शिकत नाईत. एकीले एक ओळ वाचता येत नाई."

डिप्टींनी पुढच्या रांगेतल्या मुलीला बोलावलं. ती सरवरी. समोर तेच पुस्तक होतं, म्हणून त्यांनी ठरावाचं पान उघडलं आणि म्हणाले, "हे वाच."

ती खणखणीत वाचू लागली. "सोमवार, तारीख दोन नोव्हेंबर एकोणीसशे छत्तीस. सकाळी दहा वाजता शाळेत सभा भरली. हजर मेंबर, बबनराव अध्यक्ष, गफ्फार..."

तिथे ती थांबली.

"पुढचं येत नाही?" डिप्टी म्हणाले.

"येते, साहेब. पन हे खोटं हाये. त्या सोमवारी दहा वाजता मह्या अम्मीची माती होती. अब्बा कबरस्तानात होते."

बायांतून आवाज आला, "अन् बबनरावबी होते! सारं गाव होतं!"

होतेच. स्वतःच्या हातानं त्यांनी मेहरबीला मूठभर माती दिली होती. नंतर नेहमीच्या सवयीनं महिन्याचा पहिला सोमवार टाकून ठराव लिहिला होता. आणि आठ दिवसांनी मी दुकान उघडलं तेव्हा त्याच पानावर सही केली होती, मान खाली घालून.

मी उठलो. संतापानं आवाज फाटत होता. "साहेब, सहा वर्सांत या कमिटीची एकबी सभा झाली नाई. बबनराव चोर हायेत, अन् मीबी चोर हावो."

डिप्टींनी तिथल्या तिथे शेरा लिहिला. पुढे महिन्याभरात बोर्डाचा हुकूम आला, शाळा चालू, बाई इथेच, कमिटी बरखास्त. माझंही नाव गेलं, आणि ते जायलाच हवं होतं.

पण त्या दिवशी लोक माझी पाठ थोपटत होते. सरवरी मात्र माझा हात न धरता पुढे चालत होती. दाराशी येऊन ती वळली.

"अब्बा, थे पुस्तक दुकानात आलं तवा तुमी वाचलं नाई?"

"नाई."

"तुमाले वाचता येते ना?"

"येते."

"मंग तुमी शायेत कायले गेलते?"