मामाच्या पुडीचा गुण

दुकान उघडायच्या आधीच पायऱ्यांवर गुडघे धरून माणसं बसलेली असत. दारावर हिरवी फुली, वर 'फार्मसी' अशी पाटी, आत काचेची कपाटं आणि पांढऱ्या कोटातला माझा सख्खा मामा.

"गोळ्या म्हणजे विष! ही पुडी म्हणजे निसर्ग. पोटात गेली की दुखणंच म्हणतं, चला, आपण निघालो!" मामा सांगे. दुखण्याचं हे बोलणं त्याला एकट्यालाच ऐकू येई, पण माना सगळे डोलावत.

आई तर त्याची चालतीबोलती जाहिरातच झाली. गुडघे दुखायचे थांबले, चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणू लागल्या, "अंग धरलंय हो! भाऊ असावा तर असा."

मी मामाला विचारलं, "पुडीत असतं काय?"

"विश्वास," तो म्हणाला.

आईनं माझ्यावरच डोळे वटारले. "कडेवर खेळवलंय मी त्याला. तो मला काहीबाही देईल का?"

मग मामा परगावी गेला, दुकान बंद राहिलं आणि पुड्या संपल्या. दोन-तीन दिवसांत आई ओट्यापाशीच कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचा गोल चेहरा, काटकुळे हात, कातडीवरचे निळे डाग पाहिले आणि रिकाम्या पुडीत उरलेली भुकटी तपासायला पाठवली.

"पाल्याच्या भुकटीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात," त्या म्हणाल्या. "दुखणं दबतं, बरं होत नाही. आणि अंग धरलंय कसलं, ही सूज आहे! बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं, म्हणून पुडी अचानक थांबली की माणूस पडतो. आता औषध हळूहळूच सोडवावं लागेल."

मामा सफरचंदं घेऊन दवाखान्यात आला.

"तुला ठाऊक होतं?" आईनं विचारलं.

"ताई, गुडघे दुखायचे थांबले होते ना?"

"दुखणं सोसलं असतं रे मी. तू मला गिऱ्हाईक केलंस!"

तक्रार आईनंच दिली, रडत रडत. औषध निरीक्षक आले. ना परवाना, ना शिकलेला औषधविक्रेता. "परवाना नसताना 'फार्मसी' म्हणवणं हासुद्धा गुन्हाच," असं म्हणत त्यांनी पाटी उतरवली. पायऱ्यांवरची माणसं उलट आमच्यावरच खवळली. त्यांना एकेक करून तपासायला डॉक्टरीणबाईंना तिथंच खुर्ची टाकून बसावं लागलं.

बाबांनो, पांढरा कोट कुठलाही शिंपी शिवून देतो. दुकानात परवाना पाहा, औषधाचं नाव विचारा. समोर आपलं माणूस असेल तर आधी विचारा. त्याला विचारायची आपल्याला लाज वाटते, आणि त्याचा धंदा त्या लाजेवरच चालतो.