अर्ज क्रमांक एक

मोजायच्या टेपचं टोक भिंतीला अडकवून सुकन्याचा कारकून वैजनाथ मागं सरकत निघाला, तेवढ्यात इमामबींनी जमिनीवर पसरलेल्या टेपवर पाय ठेवला. त्यानं ओढून पाहिलं. पाय हलला नाही.

“पाय काढा,” सुकन्या म्हणाली.

“मोजता कशाला? पन्नास बाय तीस हाय. रोज झाडते मी.”

मागं एकेक करत अकरा शिलाई मशिनी थांबल्या. लंकाबाई हातातली कात्री तशीच धरून उभी राहिली.

“तुम्हाला दोन नोटिसा आल्यात.”

“आल्या. दोनी वाचल्या.”

“मग?”

“मग काय? काम करतोय. तुमी काम करा तुमचं, आमचं आमाला करू द्या.”

नागापूरच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या एका कारखान्याचं हे कँटीन. इमामबींचे पती नूरमहंमद तिथं वेल्डर होते. आधी कारखाना गेला, मग तेही गेले. जुन्या मॅनेजरनं जाताना कँटीनची किल्ली इमामबींच्या हातात दिली आणि त्यांनी तिथं कामगारांचे हातमोजे शिवायला सुरुवात केली. आता आसपासच्या निम्म्या शेडमधले कामगार त्यांचेच हातमोजे घालत. कागद मात्र एकही नव्हता. जागा सरकारजमा झाली होती आणि तिथं उद्योगचालना कार्यालय होणार होतं.

ते कार्यालय व्हावं म्हणून सुकन्या तीन वर्षं झगडत होती. पाथर्डी-जामखेडच्या माणसाला साधी पिठाची गिरणी टाकायची म्हटलं, तरी एका सहीसाठी नाशिकच्या फेऱ्या. तिचे स्वतःचे आईवडील ऊसतोडीला जायचे. फडातून सुटायचं म्हणून वडिलांनी एकदा गुऱ्हाळाचा अर्ज केला होता. तो कुठल्या टेबलावर अडकला हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पहिला प्रस्ताव सुकन्यानं लिहिला तो ही गोष्ट डोक्यात ठेवूनच. तीनदा तो परत आला. चौथ्यांदा मंजूर झाला आणि प्रमुख म्हणून तिचंच नाव लागलं.

“कार्यालय सुरू होऊ द्या,” ती जरा आवाज खाली आणून म्हणाली. “तुम्हाला गाळा मी मिळवून देते.”

“आधी द्या. मग उठतो.”

“आधी कसा देणार? देणारं ऑफिसच अजून उघडलं नाही.”

लंकाबाई मोठ्यानं हसली. इमामबी हसल्या नाहीत. “मंजी आमी उठल्याबिगर तुमी आमाला बसवनार न्हाई. असंच ना?”

सुकन्यानं वैजनाथला खुणेनं टेप गुंडाळायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नाशिकहून वरिष्ठांचा फोन आला. सोमवारी मंत्री येणार. जागा तयार नसेल तर कार्यालय दुसऱ्या जिल्ह्याला देऊ, तिथले लोक रांगेत आहेत. सुकन्या ‘हो सर’ म्हणाली आणि फोन ठेवल्याठेवल्या तिनं कँटीनची वीज तोडायचं पत्र टाईप करायला घेतलं.

“मॅडम, दोन दिवस थांबू या,” वैजनाथ म्हणाला. “मी बोलून बघतो. लंकाबाई आमच्या गावाकडची आहे.”

“बोलून झालंय.”

वीज बुधवारी दुपारी गेली. संध्याकाळी सुकन्या पाहायला गेली, तर बायकांनी मोटरी उतरवून मशिनींना पायाचे पट्टे चढवले होते. मशिनी दारापर्यंत उजेडात ओढल्या होत्या आणि सगळ्याजणी घामाघूम होऊन पाय मारत होत्या. तिच्याकडं कुणीच वर मान करून पाहिलं नाही. ती गाडीतून उतरलीच नाही. काच वर केली आणि ड्रायव्हरला चल म्हणाली.

शुक्रवारी पोलीस आले. आरडाओरडा होईल असं सुकन्याला वाटलं होतं. तिनं उत्तरं पाठ केली होती. झालं काहीच नाही. बायकांनी पोलिसांना हात लावू दिला नाही, मशिनी आपणच उचलून टेम्पोत ठेवल्या. एका मशीनचा पाय दाराला अडकून मोडला, तेव्हा लंकाबाईच्या तोंडून शिवी गेली. ती कुणाला होती ते तिनं सुकन्याकडं पाहून स्पष्ट केलं.

शेवटी इमामबी एकट्या आत राहिल्या. त्यांनी खराटा घेतला आणि कोपऱ्याकोपऱ्यातून चिंध्या, तुटलेल्या सुया, दोऱ्याचे गुंते झाडून काढले.

“राहू द्या,” सुकन्या म्हणाली. “आमची माणसं येतायत सफाईला.”

“घान टाकून गेल्या म्हनाल.” केर पोत्यात भरून त्या बाहेर पडल्या. किल्ली त्यांनी सुकन्याच्या हातात दिली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

सोमवारी फीत कापली गेली. रंगाचा वास अजून गेला नव्हता. भाषणं झाली, पेढे वाटले, जिल्ह्यातल्या तरुणांना आता दार उघडं झालं असं तीन वक्त्यांनी सांगितलं. दुपारी एकच्या सुमारास पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. पन्नास बाय तीसच्या त्या हॉलमध्ये सुकन्या, वैजनाथ आणि चाळीस रिकाम्या खुर्च्या उरल्या.

तीन वाजता इमामबी आल्या. बरोबर लंकाबाई. वैजनाथ उठून उभा राहिला. सुकन्याचा हात नकळत फोनकडं गेला.

“जागा मागायचा अर्ज हाय ना तुमच्याकडं?” इमामबींनी विचारलं.

“आहे.”

“मंग द्या.”

वैजनाथनं अर्ज काढला आणि लिहायला पेन उघडलं.

“तू न्हाई,” इमामबी म्हणाल्या. “मॅडमनी लिहावं.”

सुकन्यानं अर्ज पुढ्यात ओढला. अंगठेबहाद्दर बाईशी हुज्जत कशाला, म्हणून तिनं पेन हातात घेतलं. नाव, वय, पत्ता तिनं भराभर लिहिला. व्यवसाय, हातमोजे शिवणे. कामगार, अकरा. मग पेन थांबलं. तो रकाना तिनंच घालायला लावला होता.

“काय इचारलंय?”

“आधीचा व्यवसाय बंद पडण्याचं कारण.”

“मंग लिहा.”

“‘जागेची अडचण’ लिहिते.”

“अडचन न्हवती. जागा हुती.”

वैजनाथ खिडकीतून बाहेर बघायला लागला.  सुकन्यानं लिहिलं, सावकाश, अक्षर न अक्षर सुटं.

“वाचा.”

“‘हे कार्यालय उघडण्यासाठी आमची जागा रिकामी करून घेतली.’”

“कुनी?”

सुकन्यानं वाक्याच्या आधी छोटी खूण केली, वर आपलं नाव आणि हुद्दा लिहिला, आणि पुन्हा सगळं वाक्य वाचून दाखवलं.

“मॅडम, याची प्रत नाशिकला जाते,” वैजनाथ हलक्या आवाजात म्हणाला.

“माहीत आहे मला.”

तिनं शाईचा पॅड उघडून इमामबींच्या पुढं सरकवला. इमामबींनी तो बाजूला केला, तिच्या हातातलं पेन घेतलं आणि अर्जाच्या तळाशी सही केली: पूर्ण नाव, वळणदार, एकही काना-वेलांटी न चुकता.

सुकन्यानं अर्ज आपल्याकडं वळवून ती सही वाचली.

“तुम्हाला लिहिता येतं?”

“येतं की,” इमामबी म्हणाल्या. “पोच द्या.”